वीस पावलांवरचा बत्ता

मी एक जुना, काशाचा खल आहे. तुमच्या घरचा वेलची कुटायचा खल डोळ्यांपुढे आणू नका, मी जेमतेम तुमच्या करंगळीएवढा आहे. पोटात लांब खोबण, एका टोकाला बदकाची मान आणि दुसऱ्या टोकाला दोरी ओवायची कडी. वय विचाराल, तर दोन हजारांच्या आसपास. आणि मी हट्टी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

ज्या कासाराने मला ओतले, त्यानेच त्याच दिवशी माझा बत्ताही ओतला. तो जरा वाकडा होता. माझ्या खोबणीत अगदी बेताने डुलेल इतका कासाराने त्याला घासला. दुसरा कुठलाही बत्ता माझ्यात नीट बसत नसे. वेद्रिका नावाच्या बाईने आम्हाला घरी नेले. ती आमच्यात कोळशाची पूड आणि चरबीचा थेंब घोटून काजळ करी आणि आम्हा दोघांना एकाच दोरीत ओवून गळ्यात घाली.

सणाच्या दिवशी शेजारणी दारात उभ्या. "वेद्रिका, जरा दे गं तुझं ते काजळाचं!"

"नेता तशी दोन्ही परत आणा," वेद्रिका बजावायची. "एकट्याचा काय उपयोग?"

मित्रांनो, हे वाक्य मी कधी विसरलो नाही.

एका कापणीत पेंढ्या बांधताना ती दोरी तुटली. वेद्रिकेने नऊ दिवस गुडघ्यांवर रांगत शेत धुंडाळले. मग पाऊस आला, नांगर आले. दरवर्षी फाळ आम्हाला थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलत राहिला आणि माझा बत्ता कुठे गेला ते मला कळेना. मी मात्र ठरवले, की पुन्हा उजेडात आलो तर त्याला घेतल्याशिवाय स्वस्थ बसायचे नाही. मातीखाली पडलेल्याने ठरवून काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण ठरवले खरे.

या मार्चमधल्या एका बुधवारी डोक्यावर यंत्राची पिपाणी वाजली. कुदळीने ढेकूळ उलटले आणि मी बेरिल थर्गर या बाईंच्या तळहातावर आलो. बेरिल पूर्वी गावची बस चालवायची. आता ती आणि तिचा नवरा रोलंड धातू शोधायची यंत्रे घेऊन लार्टर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात हिंडतात. इंग्लंडातल्या या नॉरफोकची माती चिकट आणि वारा बोचरा, पण ही जोडी हटत नाही.

"दे इकडे, ब्रशने घासून लख्ख करतो," रोलंड म्हणाला.

"हात लावशील तर खबरदार!" बेरिल ओरडली. "खोबणीत काळं काहीतरी राहिलंय, दिसत नाही? हा काजळाचा खल आहे. याचं चित्र आहे माझ्या पुस्तकात. रोलंड, याला बत्ता असतो!"

"असायचा. इतकी वर्षं थोडाच थांबलाय तो तुझ्यासाठी?"

लार्टर सोमवारी त्या शेतात बटाटे लावणार होता. त्याचे ते मोठे यंत्र दगड भरडत जाते, तिथे माझ्या बारक्या बत्त्याची काय कथा! बेरिलने गुरुवार, शुक्रवार दोन्ही दिवस शेत पिंजून काढले. सॉसेजचा रोल चालता चालताच खाल्ला. गुडघा सुजला तरी ती घरी जाईना. मला तर वाटले, वेद्रिकाच परत आली. पण बत्ता मिळाला नाही.

शनिवारी गावच्या वाचनालयात संग्रहालयाची इमोजेन नावाची मुलगी येते. लोक सापडलेल्या वस्तू आणतात, ती बघते आणि नोंद करते. तिचा एक नियम आहे. कचऱ्याचा डबाही आणायचा. शोधणारी माणसे कॅनच्या कड्या, काडतुसांची टोपणे, शिशाचे तुकडे शेतात टाकत नाहीत, घरी आणून डब्यात साठवतात. रोलंडने बारा वर्षांत तो डबा कधी नेला नव्हता.

"माझा कचरा मला ओळखता येतो," तो कुरकुरला.

"मग बघू दे की तिला," म्हणत बेरिलने डबा टेबलावर पालथा केला.

इमोजेनने दोन बोटांनी त्यातून एक हिरवट, वाकडा तुकडा उचलला. रोलंड हसला. "तो नळाच्या चावीचा तुकडा आहे."

तिने तो माझ्या खोबणीत ठेवला. तो डुलला. मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या क्षणी यावे असे फार वाटले!

बेरिलला मात्र रडू आलेच. डोळे पुसून ती म्हणाली, "बारा वर्षं माझ्याच शेडमध्ये! शहाण्या, नळाची चावी काय?"

"हा कुठे सापडला होता?" इमोजेनने विचारले.

"शेतात," रोलंड म्हणाला.

"कुठल्या?"

रोलंडचे कान लाल झाले. ते तिघा शेतकऱ्यांच्या रानात हिंडत आणि त्याने कधी काहीच लिहून ठेवले नव्हते.

"मग 'ठिकाण माहीत नाही' असं लिहावं लागेल," इमोजेन हळूच म्हणाली. "जोडी जुळते, पण ती इथलीच आहे असं म्हणता येणार नाही."

म्हणजे वेद्रिकेचे शेत कागदावरून पुसलेच जाणार होते. बेरिल पालथा केलेला कचरा एकेक करून डब्यात भरू लागली, आणि ते रोलंडला बघवेना.

"थांबा," तो म्हणाला. "यंत्र घेऊन निघालो त्या पहिल्याच दिवशी सापडला होता हा. माझ्या नव्या बुटांत पाणी गेलं होतं. तुम्ही एकपर्यंत आहात ना?" आणि तो टोपी विसरून पळाला.

एकला पाच मिनिटे असताना तो लार्टरला घेऊन आला. लार्टरच्या बुटांना शेण होते आणि काखेत जुनी रोजनिशी.

"त्या सप्टेंबरात सगळं शेत बिटाने भरलं होतं," लार्टरने पानावर बोट ठेवले. "फक्त तळ्याकाठची पट्टी मोकळी होती. हे बघा, लिहिलंय, 'थर्गर आला. पट्टीपुरती परवानगी. तळ्यात पडला.'"

"पडलो नाही, घसरलो," रोलंड म्हणाला.

रविवारी बेरिलने मी सापडलो त्या जागेपासून पट्टीपर्यंत पावले मोजली. वीस भरली. जवळजवळ दोन हजार वर्षे आम्ही एकमेकांपासून फार तर वीस पावलांवर होतो.

आता आम्ही एकाच डबीत असतो. मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर तिला घासू नका, कचरा ठरवू नका आणि ती कुठे होती ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. रोलंड हल्ली कॅनची कडी सापडली तरी वही काढतो आणि 'फाटकापासून नव्वद पावले' असे लिहितो. बेरिल त्याला हसते. मला नाही हसू येत. तसल्या एका ओळीवाचून माझी वेद्रिका पुसली जाणार होती.