जागेवरची हाडं

बसा असे, वाऱ्याकडं पाठ करून. खाणीची धूळ या अंगानंच येते, आणि बसला अजून अवकाश आहे. गळ्यात कॅमेरा दिसला म्हणून हाक मारली तुम्हाला. नाहीतर आल्यागेल्याला धरून गोष्ट सांगायची मला खोड नाही. साबिन दुंब्राव्हाची गोष्ट आहे. मध्ये कुठं हसू आलं तर तिथंच हसून घ्या, पुढं जागा मिळायची नाही.

साबिन म्हणजे जमीन उकरून जुनं हुडकणारा माणूस. कागदोपत्री पुरातत्त्ववाला आणि प्राचीन इतिहासाचा प्रोफेसर, पण आमच्या पेलिना गावात त्याला सगळे हाडंवाले मास्तर म्हणायचे. त्यालाही ते चालायचं. बाप रेल्वेच्या फाटकावर कंदील दाखवणारा, आणि पोरगं बुखारेस्टला जाऊन लॅटिन-ग्रीक शिकलं. शिकलं ते शिकलं, तिथंच शिकवायलाही लागलं. बायको चांगली मिळाली, खोली चांगली मिळाली. मग राज्य बदललं, कम्युनिस्ट आले.

एकदा वर्गात रोमन लोकांबद्दल सांगताना तो म्हणाला, "सैन्य गेलं, सुभेदार गेले, मागं राहिली ती साधी माणसं. साम्राज्यं सगळीच जातात, पोरांनो." शेवटचं वाक्य कुणीतरी उचललं आणि पोचवायचं तिथं पोचवलं. आठवड्याभरात साबिन काळ्या समुद्राच्या कालव्यावर कैद्यांबरोबर घमेली वाहत होता.

तिथं त्याच्या कुदळीखाली एक थडगं निघालं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचं. माणूस कुशीवर झोपलेला, एक हात गालाखाली, जेवून जरा पडावं तसा. साबिन खिळून उभा राहिला. पहारेकरी ओरडला, "काय रे, नातेवाईक निघाला काय?" सगळे हसले, साबिनही हसला. तेवढ्यात मागच्यानं फावडं घातलं आणि तो गालाखालचा हात मातीबरोबर ढकलगाडीत गेला. तेव्हापासून तो एकच वाक्य बोलायचा, दारूत असो की शुद्धीत, "हाड बोलत नाही. ते कसं पडलंय, ते बोलतं. हललं की मुकं झालं."

सुटून आला तेव्हा बायकोनं घटस्फोट घेऊन दातांच्या डॉक्टरशी लग्न केलेलं होतं. तिला दोष नाही, तेव्हा तसं करायला लावायचे. विद्यापीठाचं दार बंद झालेलं. आमच्या जिल्ह्याच्या म्युझियममध्ये फुटकी खापरं धुवायची नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी दया आली आणि पेलिनाच्या वरची टेकडी त्याला खोदायला मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती. राजवाडा नाही, सोनं नाही, नुसत्या मेंढ्यांच्या लेंड्या आणि वारा.

उन्हाळा लागला की तो यायचा. दोन गडी, एक ढकलगाडी. गड्यांतला हरालाम्बी तोंडाचा फाटका पण हाताचा हलका होता. राहायला सफ्ताबाईच्या मागच्या खोलीत. सफ्ताचा नवरा झहारिया पण कालव्यावरच गेलेला, परत न आलेला. तिथं मेलेल्यांना बांधाच्या मातीत कुठंही दडपायचे, ना खूण ना नाव. दर उन्हाळ्यात पहिल्या जेवणाला, मक्याच्या उकडीवर मेंढीचं चीज घालता घालता सफ्ता विचारायचीच.

"मास्तर, उंच माणूस. डाव्या हाताचं एक बोट तुटलेलं. बघितलात का हो तिथं?"

"नाही बघितलं, सफ्ताबाई."

"बरं. खा, गार होतंय."

या टेकडीवर त्यानं सगळं पणाला लावलं. सैन्य गेल्यावर मागं राहिलेली साधी माणसं, त्यांच्या चुली, त्यांची थडगी, याच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. छापणाऱ्या साहेबानं चाळून विचारलं, "यात राजे कुठायत?" साबिन म्हणाला, "राजे नाहीत." "मग पुस्तक कशाला?" पुस्तक परत आलं, तो पुन्हा चरात उतरला.

आणि मग एका वर्षी हुकूम निघाला, की टेकडी सगळी चुनखडीची आहे, कापणी झाली की सुरुंग लावायचे. साबिन शहरात गेला, बुखारेस्टला गेला, ज्यांचं तोंड बघायचं नाही त्यांच्या दारात उभा राहिला. अखेर एवढं पदरात पडलं: तिघांची कमिटी येऊन बघेल. जागेवर बघण्यासारखं काही असेल तर अर्धी टेकडी राखू. नसेल तर नाही.

उन्हाळा सरत आला तरी बघण्यासारखं काही निघेना. आणि मग शेवटच्या चरात निघालं. दगडी फरशी सरकवली तर खाली तिघं. पुरुष, बाई, मध्ये लेकरू. बाईचा तळवा लेकराच्या डोक्याखाली, पुरुषाचा हात दोघांवरून पलीकडं गेलेला. एकाच दिवशी ठेवलेले, रोगराईत गेले असावेत. उशाशी मातीचा दिवा, त्यावर खिळ्यानं ओरखडलेला क्रूस. हरालाम्बीनं टोपी काढली. साबिन चराच्या काठावर बसला तो बसूनच राहिला. आयुष्यभर जे कागदावर सांगत होता ते समोर निजलं होतं.

फोटो काढायला हवा होता. पण म्युझियमचा एकुलता एक कॅमेरा कुठल्याशा मंत्र्यामागं पुलाच्या उद्‌घाटनाला गेलेला. साबिननं हातानं चित्र काढलं, पण हातानं काढलेल्याला कोण विचारतो? तेव्हा ठरलं, शहरात जायचं, कॅमेरावाला आणि कमिटी दोघांना घेऊनच यायचं. थडग्यावर बोरूच्या चटया घातल्या. गावातल्या पोरांची भीती होती, मेंढ्यांची होती. म्हणून त्यानं सफ्ताला वर नेऊन दाखवलं.

सफ्ता बराच वेळ बघत राहिली. "कुणाचे हे?"

"परके नाहीत, सफ्ताबाई. तुमचेच. सैन्य गेलं, राजे गेले, हे राहिले. तुमच्या आजीच्या आजीच्या कितीतरी आधीची माणसं. मी येईपर्यंत घरच्यांसारखं सांभाळा."

"घरच्यांसारखं?"

"घरच्यांसारखं."

"आणि इतकी वर्षं यांचं कुणी काही केलं नाही?"

"कोण करणार? कुणाला माहीतच नव्हते."

सफ्तानं पदराच्या गाठीसारखी रुमालाची गाठ हनुवटीखाली आवळली. "जा तुम्ही," ती म्हणाली. "काळजी सोडा."

साबिन बसकडं गेला तो शिट्टी वाजवत. हरालाम्बी म्हणाला, "मास्तर शिट्टी वाजवतायत. कुणाची तरी गाय मरणार आज."

शहरात कमिटी उशिरा आली. तिचा प्रमुख चेर्नात, पोटाचा आजार असलेला, दमलेला माणूस. वाईट नव्हता. गाडीत सगळ्या वाटेनं साबिन बोलत होता आणि चेर्नात पोटावर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असेल तर मी सही करतो, दुंब्राव्हा. मलाही काहीतरी बरं करून घरी जाऊ द्या."

गाडी गावात शिरली तेव्हा कबरस्तानाकडून बायका उतरत होत्या. पांढरे रुमाल, हातात मेणबत्त्या, पाद्री लेऑन्ते पुढं, धूपदाणी झग्याखाली लपवून. सामुदायिक शेतीचा अध्यक्ष लांब उभा राहून बूट निरखत होता, कारण गव्हाचं ताट त्याच्याच आईच्या डोक्यावर होतं. सफ्ता वाडगं घेऊन गाडीजवळ आली. शिजवलेला गोड गहू, वर अक्रोड. मेलेल्यांच्या नावानं वाटतात तो.

"घ्या साहेब, त्यांच्या आत्म्यासाठी."

चेर्नात पक्षाचा माणूस, पण हात सवयीनं चमच्याकडं गेला. "देव त्यांना माफ करो," तो पुटपुटला. "कोण गेलं?"

"आमचीच माणसं," सफ्ता म्हणाली. "मास्तरांनी शोधून दिली."

साबिननंही घासभर घेतला होता, चमचा हातात तसाच राहिला. तोंडातला गहू त्याला ना गिळता येईना ना थुंकता.

आता तुम्ही म्हणाल बाई वेडी. वेडी नव्हती. आमच्यात माणूस पुरला की सात वर्षांनी उकरतात. हाडं लाल वाइननं धुतात, स्वच्छ कापडात बांधतात, पाद्री म्हणायचं ते म्हणतो, आणि परत ठेवतात. तेव्हा कुठं त्याची सुटका होते. आणि उघडलेलं थडगं तसंच उन्हात टाकून जाणं, ते तर शत्रूच्या बाबतीतही कुणी करत नाही. घरच्यांसारखं सांभाळा म्हटल्यावर सफ्तानं घरच्यांसारखंच सांभाळलं.

टेकडीवर चटया नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. खड्डा रिकामा, आणि रिकामा म्हणजे झाडून स्वच्छ केलेला. तळाशी तुळशीची एक डहाळी. कॅमेरावाला म्हणाला, "बाबा रे, माझ्या बायकोनं कधी असं झाडलं नाही." कुणी हसलं नाही.

चेर्नातनं काठावरून वाकून बघितलं. "हाडं कबरस्तानात आहेत ना? काढता येतील."

"काढून काय करू?" साबिन म्हणाला. "हाडं सगळीकडं असतात. तिचा हात लेकराच्या डोक्याखाली होता."

"तुमचं चित्र आहे."

"तुम्ही त्यावर सही कराल?"

चेर्नातनं खिशातून गोळी काढून पाण्याशिवाय गिळली. मग म्हणाला, "मला रिकामा खड्डा दिसला, दुंब्राव्हा. मी दुसरं काय लिहू?" आणि गाडीत जाऊन बसला.

साबिन एकटाच कबरस्तानात गेला. सफ्ता ताज्या मातीवर हात फिरवत बसली होती, बाळाचं अंथरूण सारखं करावं तसा. त्याला बघून सरकली, जागा दिली.

"लाल वाइननंच धुतली, मास्तर. घरची होती, पाणी न घातलेली. तिघांची वेगळी ठेवायला बघितलं, पण लेकराची आईच्यात मिसळली. म्हटलं मिसळली तर मिसळली, आईच आहे."

साबिन तिच्या शेजारी टेकला.

"कापड झहारियासाठी विणलं होतं. पेटीत ठेवलं होतं, कधीतरी सापडेल म्हणून. आता तो काही सापडायचा नाही. म्हटलं यांना तरी होऊ दे." तिनं त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला होता. "नीट झालं ना हो?"

एका वाक्यात बाईचं सगळं मातीत घालता आलं असतं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"नीट झालं, सफ्ताबाई."

कापणी झाल्यावर सुरुंग लागले. पहिल्या धडाक्याला सफ्ताच्या खिडकीची काच गेली. साबिन अंगणात उभा राहून बघत होता. टेकडी आधी पांढरी झाली, मग कमी झाली. म्युझियमनं त्याला मुदतीआधीच पेन्शनवर काढलं. जायला कुठं नव्हतंच, तेव्हा मागच्या खोलीतच राहिला. पुस्तकाचे गठ्ठे खाटेखाली, उंदरांनी त्यांचं काय ते केलं. नांगरताना कुणाला जुनं नाणं मिळालं की लोक हौसेनं आणून द्यायचे. तो बघायचाही नाही. म्हणायचा, "जिथं होतं तिथं नेऊन ठेव." हरालाम्बी एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, ते ठिकाण आता ट्रकमध्ये आहे." त्यावर साबिन म्हणाला, "मग ठेवू नकोस."

सफ्तानं उन्हाळ्यातला तिचा प्रश्न विचारणं बंद केलं होतं. तेवढा एक फरक पडला. त्याला मात्र तो प्रश्न नसल्यानं जेवण जाईना.

धुळीनं की कालव्यानं, त्याची छाती गेली. शेवटच्या दिवसांत तिला म्हणाला, "सात वर्षांनी मला उकरू नका. जसा पडेन तसा राहू द्या."

"न धुता?"

"न धुता."

"अहो, वर तोंड काय दाखवाल?"

"मी कुठलं तोंड दाखवतोय, सफ्ताबाई. कुणी खोदायला आलं तर बघेल. कसा पडलोय ते बघेल."

तिला ते पटलं नाही, पण तिनं शब्द दिला. त्याला त्या तिघांच्या शेजारीच ठेवला. दोन वर्षांनी तीही गेली, पलीकडच्या अंगाला. त्याची सात वर्षं कधीच उलटली, शब्दाखातर कुणी हात लावला नाही. एवढं एक त्याच्या मनासारखं झालं म्हणायचं.

पण खाण आता कबरस्तानाला भिडलीय. चर्चच्या दारावर कागद चिकटवलाय, सगळी थडगी उचलून रस्त्याकडंच्या नव्या जागेत न्यायची. खाणीची माणसं कालपासून वरच्या टोकापासून उघडतायत. फरशी काढतात, पोतं भरतात, पुढची फरशी. सांगून बघितलं. ते म्हणाले, हाडं ती हाडं, मोजून देऊ. थांबवणं आता कुणाच्या हातात नाही, आणि तुम्ही थांबवाल असंही मी म्हणत नाही.

ती बघा बस आली. ही जाऊ द्या, दुपारी दुसरी आहे. माझ्याबरोबर वर चला. त्याची फरशी काढतील तेव्हा मी त्या लोकांना दारूची बाटली देऊन चार क्षण बाजूला घेईन. तेवढ्यात, हाडांना हात लागायच्या आधी, तो कसा पडलाय त्याचा एक फोटो काढा.