थांबा, विचारून सांगतो

ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय करावं, हे आमच्या ह्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. आणि अख्ख्या गारखेड्याला ते ह्यांनीच शिकवलं.

हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि घरात माझ्या पायात पायात यायला लागले. तेव्हा आमच्या स्वरालीनं ह्यांना फेसबुकवरच्या आमच्या वस्तीच्या 'आपला गारखेडा' या ग्रुपात घालून दिलं. म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी उद्योग हवा." उद्योग ह्यांना मिळाला आणि काम मला लागलं. कारण ग्रुपात लोक विचारायचे, कूलरला वास येतोय काय करू, चांगली गिरणी कुठं आहे, बाळाला गुटी कधी द्यायची, लोणच्याला बुरशी आली तर फेकायचं का. हे हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचे, "अगं, ऐकलंस का? तुरीच्या डाळीत पोरकिडे झालेत म्हणे." मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "एरंडेल चोळून ठेव म्हणावं." पुढं हे काय लिहायचे, मी कधी बघितलं नाही. मला पोळ्या असायच्या. एवढंच कळायचं की मुकुंदकाकांना लोक फार मानतात. मी चिडवायची, "माझ्या पिठावर तुमच्या रेघोट्या." हे हसायचे आणि पुढचा प्रश्न वाचायचे.

एक गोष्ट मात्र निखळ ह्यांची होती, ती म्हणजे पाण्याची वेळ. दोन पावसाळे कोरडे गेले होते, जायकवाडीत चिखल दिसायला लागला होता, आणि नळाला पाणी कधी चौथ्या तर कधी सहाव्या दिवशी यायचं. इकडं शहर मात्र वाढतच होतं. आमच्या शेजारचा देशपांड्यांचा बंगला पाडून तिथं सहा मजली इमारत उभी राहत होती, आणि तिच्यासाठी बोअर घेतला तेव्हा पाण्याऐवजी दिवसभर नुसता पांढरा धुरळा आमच्या गच्चीवर पडला. नव्या फ्लॅटांत जालना, बीड, परभणीहून आलेली माणसं. त्यांना ना इथलं पाणी माहीत, ना पाणी सोडणारा माहीत. पाणी सोडणारा कडूबा ह्यांच्या ओळखीचा. त्याच्या पोरीचा शाळेचा दाखला अडला होता, तेव्हा ह्यांनी चकरा मारून मिळवून दिला होता. तेव्हापासून तो आदल्या संध्याकाळी फोन करायचा, "साहेब, उद्या तुमच्या साईडला सोडतोय बरं का." हे लगेच ग्रुपात टाकायचे आणि हजारभर घरांतल्या बादल्या, टाक्या, हंडे रांगेला लागायचे.

चैत्रात आम्ही पुण्याला स्वरालीकडं गेलो. तिच्याकडं नळ सोडला की पाणी. दुसऱ्या दिवशी हे दोन बादल्या भरून आंघोळ करून आले, सोफ्यावर बसले, म्हणाले, "आज माणसात आलो." बसले ते बसलेच.

सगळं तिकडंच उरकलं. मी परत आले तेव्हा ह्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. स्वराली म्हणत होती नंबर बंद करून टाकू. मी म्हटलं, राहू दे, घाई काय आहे. गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्या येऊन बसून गेल्या. त्यांच्यापैकी कुणी ग्रुपात नव्हतं. कडूबाही आला. उंबऱ्याच्या आत येईना, दारातच बसून रडला.

"वैनी, लई आधार होता वं साहेबाचा," म्हणाला. "आन् माझी बी बदली केली बगा, सिडकोकडं. आता तुमच्या साईडचं मला बी काय कळत नाय. कळलं असतं तरी फोन कुणाला लावला असता?"

मी त्याला चहा दिला. तो गेला, आणि घर इतकं गप्प झालं की फ्रीज बंद-चालू झालेला कळायला लागला. ह्यांच्याशी संसार केला, भांडले, रुसले, पण "अगं, ऐकलंस का?" ही हाक इतकी जिवाला लागलेली असेल हे मला ठाऊक नव्हतं. पोळी लाटताना कान आपोआप हॉलकडं जायचा.

अशाच एका दुपारी ह्यांचा फोन वाजला. कुणी मंजुषा होती. "मुकुंदकाका, कूलरच्या वाळ्याला कुबट वास येतोय. काय करू?"

मी मोठ्यानं म्हणाले, "दिवसभर कडक उन्हात टाक आणि टाकीत मूठभर कडुलिंबाचा पाला घाल." म्हणाले, पण लिहायला हॉलमध्ये कुणी नव्हतं. मग मीच खुर्चीत बसले आणि एका बोटानं, अडखळत, लिहिलं. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं, "धन्यवाद काका! तुम्ही आहात म्हणून बरं आहे."

तुम्ही आहात. इतके दिवस जो तो 'होते' म्हणत होता. मला इतकं बरं वाटलं की मागाहून त्याची लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी लोणच्याचा प्रश्न आला आणि मी पुन्हा खुर्चीत बसले. मग रोजच बसायला लागले. कुणाला फसवायचं नव्हतं मला. मला ते प्रश्न थांबायला नको होते. एकदा का हे गेल्याचं कळलं की लोक दिवे लावतील, हात जोडतील, आणि मग या घराला कुणी काही विचारणार नाही. दुःखाच्या घरी माणसं चौकशी करतात, प्रश्न विचारत नाहीत. तेवढ्यासाठी मी ह्यांना जिवंत ठेवलं. कुणाला वेडेपणा वाटला तर वाटो.

मंजुषा मोठी चौकस. एकदा तिनं लिहिलं, "काका, हल्ली फटाफट उत्तर देता! विचारून सांगत नाही वाटतं?" मला काही बोध झाला नाही. मी हसरं तोंड पाठवून दिलं.

घोळ झाला तो पाण्यानं. लोक विचारायला लागले, काका, पाणी कधी? मी दोनदा नुसती गप्प बसले. मग मंजुषानं लिहिलं, "काका, नणंदेचं डोहाळजेवण आहे उद्या. टँकर सांगून ठेवलाय. नळाला येणार असेल तर नको म्हणते. काय करू?" आता मी आपली बोटं मोजली. मागचं पाणी येऊन पाच दिवस झाले होते. न येऊन जातंय कुठं, असं वाटलं. आणि खरं सांगू, काकांना माहीत नाही असं ह्यांच्या नावानं लिहवेना. लिहिलं, "उद्या सकाळी येईल."

नाही आलं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मंजुषानं टँकर परत पाठवला होता. चाळीस पानं उठायची होती आणि घरात भांडी विसळायला पाणी नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं ऐनवेळी टँकरवाला म्हणेल ते देऊन तिनं पाणी घेतलं. एकटी तीच नव्हे, काकांच्या शब्दावर निम्म्या वस्तीनं टँकर नको म्हटलेले.

ग्रुपात जो शिमगा झाला तो मी खुर्चीत बसून वाचला. ऋतुराज नावाच्या कुणीतरी लिहिलं, "काका टँकरवाल्यांना सामील आहेत. आधी पाणी येणार म्हणून सांगायचं, मग लोकांना दुप्पट भावानं घ्यायला लावायचं. यांचा स्वतःचा हौद फुकट भरून मिळत असेल." त्याखाली अंगठेच अंगठे. कुणी म्हणालं, म्हातारा बेरकी निघाला. ग्रुप चालवणारा हिमांशू सभ्यपणानं म्हणाला, "काकांनी खुलासा करावा. नाहीतर नाइलाजानं त्यांना ग्रुपातून काढावं लागेल."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं नोकरीत कुणाच्या टेबलावरचा चहा कधी घेतला नाही, त्याला बेरकी म्हणता? टाळक्यात हाणावं असं वाटलं त्या ऋतुराजच्या. पण ते लिहायचं कुणी? हे असते तर एक अक्षर उलटून बोलले नसते, आणि मी ह्यांच्या नावानं भांडले असते तर ह्यांची उरलीसुरली अब्रूही गेली असती.

स्वरालीला फोन केला. सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना जाऊ दे ना आता."

पोर रडत होती. मीही रडले. बाहेर शेजारच्या इमारतीवर स्लॅबचं काम चाललं होतं, त्या आवाजात मला मोकळेपणानं रडता आलं. ह्यांना ठेवायचं तर लबाड म्हणून ठेवावं लागणार होतं. चांगला माणूस म्हणून ठेवायचं तर मेलेलंच ठेवावं लागणार होतं. यात निवडायचं ते काय? पण मी दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले.

मग लिहिलं. "मी अंबिका, मुकुंद यांची पत्नी. हे चैत्रात पुण्याला वारले. तेव्हापासून उत्तरं मी लिहीत होते. पाण्याची वेळ मी अंदाजानं सांगितली, दोष माझा आहे. यांना नावं ठेवू नका. मंजुषा, तुला त्रास झाला, माफ कर."

पुढं अगदी मला वाटलं होतं तसंच झालं. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली खाली नुसती तीच. समईचे फोटो. ऋतुराजनं आपलं लिहिलेलं पुसून टाकलं आणि समई लावली. संध्याकाळी हिमांशू पाच-सहा जणांना घेऊन घरी आला, त्यांत मंजुषाही होती, अगदीच लहान पोरगी. मी पाण्याचा तांब्या आणला तर एकेक जण म्हणाला, पाणी नको काकू. त्या उन्हाळ्यात कुणाच्या घरी गेलं तर पाणी नको म्हणायची रीतच पडली होती. तांब्या तसाच भरलेला परत गेला. मंजुषा माझा हात धरून बसली आणि जाताना म्हणाली, "काकू, काही लागलं तर सांगा." तिनं काही विचारावं म्हणून मी वाट बघत होते. कूलरचा वास गेला का, एवढं तरी.

त्यानंतर फोन वाजेना. ग्रुपात प्रश्न यायचे, पण दुसऱ्यांना. मी वाचायची. भलतीसलती उत्तरं द्यायचे लोक. लोणच्याला बुरशी आली तर वरची काढून खा म्हणे! बोलावंसं वाटायचं. पण न विचारता सांगणाऱ्या बाईला कोण काय म्हणतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरात जायची, एका माणसाची भाकरी टाकायची, पुन्हा खुर्चीत येऊन बसायची.

स्वराली आली तेव्हा तिला म्हटलं, माझ्या नावानं खातं उघडून दे. तिनं दिलं. ती गेल्यावर मी ग्रुपात आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. दुसरं काही सुचलं नाही. "ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय करावं?"

आणि माणसं तुटून पडली.

"काकू, मुकुंदकाका सांगायचे, कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घाला. उन्हात वाळवला तर त्याचा कडवटपणा जातो." "काका म्हणायचे, कोठीच्या तळाला राख." "काकांनी बिब्बे ठेवायला सांगितले होते, दोन वर्षं एक किडा नाही." हा ऋतुराज. कुणी लिहिलं, "काकांचं वाक्य अजून लक्षात आहे. उन्हातून आणलेली ज्वारी लगेच कोठीत भरू नका, न्हाऊ घातलेल्या पोराला लगेच वाऱ्यात नेतो का आपण? तिला आधी निवू द्या."

हे वाक्य माझं होतं. शब्दानं शब्द. कढईत फोडणी तडतडत असताना मी ते ओरडले होते आणि ह्यांनी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. माझ्या घरातून निघालेलं सगळं ह्यांच्या नावाचं होऊन माझ्या मांडीवर परत येत होतं. मला राग यायला हवा होता. मी वाचत होते आणि डोळे पुसत होते.

सगळ्यात शेवटी मंजुषाचं आलं.

"काकू, एक विचारू? काका प्रत्येक प्रश्नाखाली आधी एकच लिहायचे, 'थांबा, विचारून सांगतो.' आणि पाच मिनिटांत उत्तर यायचं. पाण्याचं तेवढं एकदम सांगायचे, बाकी सगळं विचारून. शेवटचे महिने मात्र ते वाक्य नव्हतं. तेव्हा तुम्ही लिहीत होता ना? मग काका इतकी वर्षं कुणाला विचारायचे?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इतकी वर्षं हे माझं श्रेय खातात म्हणून मी चिडवत होते, आणि हे रोज चारचौघांत लिहीत होते की मला येत नाही, मी विचारतो. मला एकदाही सांगितलं नाही. मीही कधी हात पुसून बाहेर येऊन बघितलं नाही.

पोरीला उत्तर द्यायला हवं होतं. मी ह्यांच्या खुर्चीत होते. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं, आत ओटा स्वच्छ, गॅस बंद. एका बोटानं मी लिहिलं, "थांबा, विचारून सांगते."

मग फोन खाली ठेवला आणि आत तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

आणि उत्तराची वाट बघत बसले.