दिवाण-ए-खास असलेली गाडी

“खाला, तुमच्या गाडीत संडास आहे का?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता. विचारणारी होती अर्शी. नववीची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आवाज एक पट्टी वर चढलेला. तिच्या मागे कंपाउंडच्या भिंतीआड तिच्या मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. “हिंमत असेल तर विचारून दाखव, नाहीतर आमच्यासमोर मोठ्या गप्पा मारू नकोस,” असं त्यांतल्या सिद्धेश्वरीनं तिला बजावलं होतं.

सगळ्यांना वाटलं, अर्शीची शबानाखाला आता लाजेल, नाहीतर रागावेल.

“आहे की!” शबानाखाला म्हणाल्या. “भिंतीमागच्यांनाबी बोलव. सगळ्याच बघा.”

तेवढ्यात माझ्या बॉनेटखालून डोकं वर काढून शेखलाल, म्हणजे त्यांचे मालक, म्हणाले, “बघा, पण अदबीनं. तो आमचा दिवाण-ए-खास हाय. आम जनता बाहेर थांबती.”

मी एक जुनी गाडी आहे. वय वर्षं सोळा, अर्शीपेक्षा एकानं जास्त. माणसाला सोळावं लागलं की कौतुक होतं. गाडीला लागलं की लोक भंगारवाल्याचा नंबर देतात. माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. रंग पांढरा, डोक्यावर निळा दिवा. तिथून मला श्रीपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याकडे रुग्णवाहिका म्हणून पाठवलं. गळीत हंगाम सुरू झाला की मला उसंत नसे. कोयत्यानं बोट कापलेला, बैलगाडीच्या चाकाखाली पाय सापडलेला, ताप चढलेला, कळा सुरू झालेली. माझ्यात अकरा बाळं जन्मली. त्यातल्या एकीला घरचे लाडानं ‘सायरन’ म्हणत, कारण ती माझ्यासारखीच रडायची. त्या दिवसांत मी दिसले की लोक रस्ता सोडायचे. मला वाटायचं, हे कायमच असणार.

मग नवी गाडी आली. मला वर्कशॉपच्या मागे उभं केलं. चाकांतली हवा गेली, दिवा कुणीतरी काढून नेला, पुढच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालू लागली. माझ्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं ‘मला धुवा’ असं लिहिलं. लिहिणाऱ्यानं धुतलं मात्र नाही.

लिलावात मला शेखलालनी घेतलं. तीस वर्षं त्यांनी लॉरी चालवली होती, आणि लॉरी सोडल्यावर सोलापुरात पाण्याचा टँकर. दिल्लीला त्यांच्या बावीस खेपा झाल्या होत्या. शबानाखालांची एकही नाही. दिल्ली राहू द्या, अकरा वर्षांत त्या कुर्डुवाडीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

त्याचं कारण सांगते. पुण्याच्या एका लग्नाला निघताना त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणी सोडलं होतं. बायका सोडतातच. बस थांबली तिथं आडोसा नव्हता, आडोसा होता तिथं बस थांबली नाही. लग्नघरी पोचायच्या आधी त्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर म्हणाले, पाणी तोडलंत तर मूत्रपिंडं जातील. मग शबानाखालांनी पाणी धरलं आणि प्रवास सोडला.

शेखलाल रोज टँकर काढण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघत. एक दिवस खाला दारातूनच म्हणाल्या, “गाडीला रोज इचारता, तहान लागली का म्हणून. बायकोला कधी इचारलं?”

दोन महिन्यांनी शेखलाल मला ओढत घरी घेऊन आले.

त्यांनी मला पुन्हा उभं केलं. स्ट्रेचरच्या जागी झोपायची फळी, खिडक्यांना पडदे, टपावर पाण्याची टाकी, कोपऱ्यात शेगडी. आणि ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असायचे तिथं पत्र्याची चिमुकली खोली. आत कमोड, दाराला आतून कडी. कडी बसवली त्या दिवशी खाला आत गेल्या आणि ती लावून उघडून, लावून उघडून बघत राहिल्या. मी मोजलं. सात वेळा.

मे महिन्यात आम्ही दिल्लीला निघालो. खालांच्या सोबतीला म्हणून अर्शीला तिच्या आईनं, रुक्सानानं, बरोबर दिलं. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर. ऊन असं की माझा पत्रा तव्यासारखा तापलेला. खाला खिडकीशी बसून घोट घोट पाणी पीत होत्या. “अगं अर्शी, प्रवासात पाणी एवढं गोड लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं,” असं त्या दर पन्नास मैलांवर म्हणत. शेखलाल म्हणत, “गोड लागू दे, पण टाकी मला भरावी लागती की!”

मथुरेजवळ एका ढाब्यावर आम्ही थांबलो. एका लॉरीवाल्यानं माझ्या नंबरप्लेटकडे पाहिलं आणि विचारलं, “चाचा, डिझेल है? कितने साल की?”

“सोलह.”

“दिल्ली मत ले जाना. दस साल से पुरानी पकड़ लेते हैं. फिर भंगार.”

शेखलाल माझ्या बंपरवर बसले. हा नियम आला तेव्हा त्यांनी लॉरी सोडलेली होती. निघण्यापूर्वी चार लोकांना विचारलं असतं तरी कळलं असतं. पण तीस वर्षं सगळे त्यांनाच रस्ता विचारत आले होते. ते कुणाला विचारणार?

“चूक झाली माझी,” ते म्हणाले. “गाडी हितंच ठेवू. बसनं जाऊ. तीन तासांचं तर काम हाय.”

“तुमी दोघं जा,” खाला म्हणाल्या. “मी हितं गाडीत बसते.”

“अगं, दीड हजार किलोमीटर आलो की आपण!”

“आले ना इतवर? लई झालं. मला नक्को ती दिल्ली.”

त्या माझ्या फळीवर भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेखलालनी दोनदा हाक मारली, मग बाहेर जाऊन उगाचच माझी चाकं बडवून बघू लागले. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मी गाडी आहे. पण एवढ्या लांब आणलेली सवारी वेशीवरून परत न्यायची, हे मला बरं वाटत नव्हतं.

अर्शी त्यांच्याजवळ बसली. “खाला, मी विचारीन. जिथं जाऊ तिथं, पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न तोच. तू फक्त पाणी पी.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत की.”

“एक दिवस पाणी नाही प्यायलं तर मरत नाही बाई. सवय लागते.”

“माहीत आहे,” अर्शी सहज बोलून गेली. “मी शाळेत कुठं पिते? मुलींच्या संडासाला कुलूप असतं. किल्ली मोठ्या सरांच्या कपाटात. मागायला कोण जाणार? आम्ही कुणीच पीत नाही.”

खाला वळल्या. “कवापासून?”

“पाचवीपासून.”

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. मग खालांनी कोपऱ्यातली बाटली उचलली, अर्धी स्वतः प्यायल्या आणि उरलेली अर्शीच्या हातात दिली. “पी. सगळं. आणि मग चल. पण तू विचारलं नाहीस ना, तर भर दिल्लीत कान उपटीन.”

मित्रांनो, राजधानी कशी असते ते मला माहीत नाही. मला त्या ढाब्याचं आवार माहीत आहे. एक नळ, दोन खाटा आणि माझ्या सावलीत झोपणारं एक लंगडं कुत्रं. दोन दिवस मी तिथं उभी होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं आले. उन्हानं रापलेले, आणि सगळे एकदम बोलत होते. दिल्ली मी परतीच्या वाटेवर ऐकली.

अर्शीनं पोलिसाला विचारलं, तिकीट देणाऱ्याला विचारलं, फुगेवाल्याला विचारलं. “बाथरूम कां है जी?” असं तिनं आपल्या दखनीत विचारलं की लोक आधी हसत, मग हात करून दाखवत. एका बाजारात दुकानदार म्हणाला, फक्त गिऱ्हाइकांसाठी. अर्शी म्हणाली, “तो फिर रुमाल दिखाओ.” रुमाल घेतला, खाला आत जाऊन आल्या, आणि दुकानदारालाच हसू आलं. एका ठिकाणी कुणीच सांगेना. तेव्हा खालांनी स्वतःच जाऊन एका बाईला विचारलं. ती म्हणे, मीही तेच शोधतेय. मग दोघी मिळून शोधत गेल्या आणि मैत्रिणी होऊन परत आल्या.

लाल किल्ल्यात गाइडनं संगमरवरी दालनाकडे हात करून मोठ्या ऐटीत सांगितलं, “ये है दीवान-ए-ख़ास!” खाला आणि अर्शी एकमेकींकडे बघून अशा हसत सुटल्या की खालांना पायरीवर टेकावं लागलं. गाइड बिचारा विचारतो, हुआ क्या? शेखलाल म्हणाले, “नक्को पूछो जी.”

“आणि कुतुबमिनार?” असं मला विचारावंसं वाटत होतं. तोही पाहिला म्हणे. उंच आहे.

मित्रांनो, मी पुष्कळ माणसं वाहिली आहेत, म्हणून एवढं सांगते. जुनी गाडी दिसली तर तिच्या धुळीत बोटानं अक्षरं काढू नका, एक बादली पाणी मारा. इंजिनात पाणी नसेल तर ते घाटात तापतं, आणि सगळे खाली उतरून बघतात. माणूस आतल्या आत तापतो, तेव्हा कुणाला दिसतही नाही. म्हणून कुणाला बरोबर नेणार असाल तर डिझेल किती आहे ते बघा, हवा बघा, आणि तिला जायला जागा कुठं आहे, हेही निघायच्या आधी बघून ठेवा.

आम्ही सोलापुरात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. अर्शीचे आईवडील गेटशी उभे होते. माझं दार उघडताच रुक्साना म्हणाली, “या अल्ला, कोळसा झाली की गं माझी पोरगी!” वडिलांनी, आरिफनं, तिची पिशवी घेतली आणि विचारलं, “बोला मॅडम, काय काय पाहिलं राजधानीत?”

“सांगते, पण आधी एक ऐका,” अर्शी माझ्या पायरीवरूनच म्हणाली. “जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मी मोठ्या सरांकडे जाणार आणि मुलींच्या संडासाची किल्ली मागणार. नाही दिली तर दुसऱ्या दिवशी मागणार. तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन जाणार. अम्मी, हसू नको. अब्बू, मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय.”