डबलबारीतही जे बोलत नाहीत

घाटकोपरच्या भटवाडीतल्या निलेश राऊळच्या घरात रविवारी सकाळी भांडणाला चहा पुरला.

"साखर कुठेय यात?" निलेशने विचारलं.

"तूच केलायस चहा," त्याची बायको श्रुतिका म्हणाली.

"मीच! मीच असणार! एक काम धड होतं का माझ्या हातून? नालायक माणूस मी!" त्याने कप मोरीत भिरकावला. कपाचे तीन तुकडे झाले.

"नालायक स्वतःला म्हणतोस आणि काचा आम्ही वेचायच्या," श्रुतिका म्हणाली. ती वेचायला उठली मात्र नाही. तीन महिन्यांत तिने पुष्कळ काचा वेचल्या होत्या.

निलेश हा भजनी बुवा. दिवसा अंधेरीत कुरियरच्या ऑफिसात काम आणि संध्याकाळी मंडळात पेटी. कोकणातल्या लोकांना डबलबारी सांगायला नको. इतरांसाठी सांगायचं तर दोन बुवा आमनेसामने बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांची यथेच्छ खेचतात. निलेशचं नाव विरारपर्यंत झालं होतं. आज पाच वाजता मंडळाची बैठक होती आणि तिच्यात द्यायचा राजीनामा त्याने लिहून ठेवला होता. यापुढे पेटीला हात लावायचा नाही. ही त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती.

शिक्षा कशाची, तर तीन महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळची. तालमीत कोणी मोबाइल बघू नये म्हणून सगळे फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि झाकण लावायचं, हा नियम निलेशनेच काढला होता. त्या दिवशी सव्वाआठला झाकण उघडलं तेव्हा त्याच्या फोनवर श्रुतिकाचे सहा मिस्ड कॉल होते. छातीत दुखतंय म्हणून आईला, प्रेमाताईंना, हॉस्पिटलात नेलं होतं. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरा दिवस तो रडला नाही. चौदाव्या दिवशी कामावर गेला. चाळिसाव्या दिवशी आधीच ठरलेल्या बारीला उभा राहिला. समोर होते मुलुंडचे दत्ताराम बुवा. त्यांनी नेहमीसारखा टोला हाणला, "काय बुवा, आवाज आज घराकच ठेवून इलात काय?" लोक हसले. निलेशला पुढचा सूर लागलाच नाही. भाता बंद करून तो स्टेजवरून उतरला. त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर फिरला.

अकरा वाजता बेल वाजली. दारात दत्ताराम बुवा उभे होते. वय चौसष्ट, हातात छत्री, चेहऱ्यावर आठ्या.

"तुम्ही? इथे कशाला आलात?"

"भांडूक इलंय."

"मी बोलावलं त्यांना," श्रुतिका आतून म्हणाली. "माझं तर ऐकत नाहीस. दुश्मनाचं ऐक."

"मजा बघायला आलात ना?" निलेश उसळला. "बघा! वाट लागलेला बुवा बघा! आज राजीनामा देतोय. पेढे वाटा मुलुंडात."

"वाटीन मगे. आधी बसाक तरी सांग." न सांगताच बुवा खुर्चीवर बसले. "बायकोन डब्याचा सगळा सांगितल्यान माका. म्हणते, तू दिवसभर स्वतःक शिव्या घालतंस. काय घालतंस? माका पण ऐकव."

"घालण्यासारखाच आहे मी. आई मरत होती आणि मी पेटी वाजवत होतो. असला मुलगा कोणाला असू नये."

"आणि?"

"आणि काय! आईला मारणारा माणूस मी. चाळीस दिवसांत स्टेजवर बसलो, लाज नाही वाटली. गाताही आलं नाही. धड मुलगा नाही, धड बुवा नाही."

"चांगला जमतंय," बुवा शांतपणे म्हणाले. "आता ह्याच माका बोल."

"काय?"

"समज, माझी आवस गेली. मी तालमीत होतंय, फोन डब्यात. मी तुझ्यासमोर असा बसलंय. इतक्या वर्षांचो तुझो वैरी! बोल माका, 'दत्ताराम, तू आवशीक मारलंस.' बोल!"

निलेशने तोंड उघडलं. "दत्ताराम, तू..." एवढं म्हणून त्याने मान हलवली.

"बोल की! घाबरतंस?"

"असं कसं बोलेन मी तुम्हाला?"

"कित्याक नाय? मी काय तुझो सोयरो?"

"अहो, माणूस... माणूस मेलेल्या घरात असं बोलतात का!"

"हां!" बुवांनी छत्री जमिनीवर आपटली. "चाळीस वर्षं मी बाऱ्या करतंय. समोरच्याचा आवाज, ताल, पोट, टक्कल, काय सोडूक नाय. पण कोणाच्या घरातल्या मयतावर कधी बोललंय नाय! बोललो असतो तर लोकांनी माका खाली ओढला असता. वैऱ्याक जा बोलणत नाय, ता तू रोज स्वतःक बोलतंस! कोणी दिलो तुका अधिकार?"

 निलेश हट्टाने म्हणाला, "म्हणजे स्वतःचे लाड करायचे? चूक झाली तरी गोंजारायचं? मग माणूस सुधारणार कसा?"

"तीन महिने शिव्या घालतंस. काय सुधारलास? कप फोडूक शिकलास!" बुवा म्हणाले. "डब्याचो नियम चुकीचो वाटता, तर बदल. तो झालो सुधार. तुका दुखता, ता दुखणा आसा. गुन्हो नाय."

श्रुतिकाने टेबलावर एक वही ठेवली. चौथीतल्या मुलीची, प्रांजलची, गणिताची. चुकलेल्या भागाकाराखाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'मी नालायक आहे.'

"हा शब्द तिला शाळेत नाही शिकवला कोणी," श्रुतिका म्हणाली.

निलेश वहीकडे बघत राहिला. आपण स्वतःवर ओढलेला आसूड कुठवर पोचला होता! तो खाली फरशीवर बसला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडला. "मला ती हवी होती गं. मला जायचं होतं तिच्याजवळ," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.  बुवा त्याचं रडणं आटोपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पाच वाजता निलेश बैठकीला गेला. राजीनामा त्याने दिला नाही. "सहा महिने मी बारी करणार नाही," तो म्हणाला. "मागे बसून टाळ वाजवीन. बरं वाटलं की गाईन."

"बुवा घाबरले वाटतं मुलुंडला!" मागून कोणीतरी टोला हाणला. दोघंतिघं हसले.

निलेशने वळून पाहिलं. एरवी तो एक तर त्याच्यावर तुटून पडला असता, नाही तर घरी येऊन स्वतःवर.

"घाबरलो नाही रे," तो म्हणाला. "आई गेलीय माझी. अजून गाता येत नाही."

 पखवाजवाल्या सुबोधने सरकून त्याला जागा करून दिली.

वाचकहो, आपल्याकडे दुसऱ्याला दुःखात टोचणं असभ्य मानतात आणि स्वतःला टोचणं मात्र कर्तव्य समजतात. हा दुटप्पीपणा आता सोडू या. स्वतःशी माणुसकीने वागणं म्हणजे चुकीला माफी देऊन मोकळं होणं नव्हे. चूक असेल ती दुरुस्त करावी, दुःख असेल ते सोसावं आणि सोसताना शेजाऱ्याला जेवढी दया दाखवतो तेवढी तरी स्वतःला दाखवावी. आपण स्वतःशी कोणत्या भाषेत बोलतो, ते घरातली मुलं रोज ऐकत असतात.