सात नंबरच्या वर्गातली खुंटी

सात नंबरच्या वर्गातला प्रोजेक्टर चालायचा. अगदी छान चालायचा. फक्त त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटपाशी कुणाला तरी धरून उभं राहावं लागायचं. चिमटीत, किंचित वर आणि एवढीशी डावीकडे, एखाद्याचा कान लाडाने पिरगाळावा तशी. सहा वर्षं हे काम एकच माणूस करत होता. विद्यापीठाच्या कागदांवर तो तंत्रसहायक होता. मुलं त्याला खुंटीकाका म्हणायची. एकदा त्याच्या बायकोनेच विभागात फोन करून “खुंटी आहे का हो तिथे?” असं विचारलं, तेव्हापासून त्याने ते मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं.

सॉकेट पडद्याच्या बाजूला, एका लोखंडी कपाटामागे होतं. कपाट हलवायची सोय नव्हती, कारण ते दुसऱ्या विभागाचं होतं, आणि तो विभाग बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे परवानगी मागायची कुणाकडे असा पेच होता. म्हणून खुंटी कपाट आणि भिंतीच्या फटीत शिरून, भिंतीकडे तोंड करून, एक हात वर धरून उभा राहायचा. वर्गाला त्याचं कोपर दिसायचं. त्याला वर्गातलं काही म्हणजे काही दिसायचं नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

वर्ग मृदाशास्त्र शिकवणाऱ्या, म्हणजे मातीच्या बाईंचा. बाई बारीक, आवाज खणखणीत, आणि मातीवर त्यांचा जीव एवढा की चपला झटकतानाही त्या हळहळायच्या. सहा वर्षांत खुंटीला त्यांचा अख्खा अभ्यासक्रम पाठ झाला होता. पण दर वर्षी एकतीस नंबरचं चित्र आलं की बाई म्हणायच्या, “हा मातीचा एक कण. चार हजार पट मोठा.” आणि मग साठ पोरांच्या तोंडून असा काही आवाज निघायचा की खुंटीच्या मानेवरचे केस उभे राहायचे. सहा वर्षं तो भिंतीवरच्या एका पोपड्याकडे बघत तो आवाज ऐकत होता. ते चित्र एकदा डोळे भरून बघायचं, आयुष्यात त्याला एवढंच हवं होतं. बायकोला हे माहीत होतं, सासूला माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं.

लॅपटॉपवर दाखवते, असं बाई शंभरदा म्हणाल्या होत्या. तो नाही म्हणायचा. लग्नाचं जेवण डब्यातून खाल्ल्यासारखं होईल ते. बघायचं तर भिंतीएवढं, आणि सगळ्यांच्या बरोबर. दुसऱ्या कुणी वायर धरून पाहावी, तर हात थरथरायचे आणि पडदा जांभळा व्हायचा. एका हुशार विद्यार्थ्याने धरली तेव्हा फ्यूज उडाला आणि कुलगुरू लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं राहिले. त्यानंतर प्रयोग बंद.

अशात वर्गांची यंत्रं सुधारण्यासाठी निधी जाहीर झाला. बाईंनी एका नवीन वायरचा अर्ज केला. उत्तर आलं की वायर किरकोळ खर्चात मोडते आणि किरकोळ खर्च बंद आहे, मोठं काही असेल तर मागा. बाईंनी अख्खा प्रोजेक्टर मागितला. मग पाहणीला निधीसाहेब आले. हातात तक्ता, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की हसू त्यांनी कुठेतरी अनामत ठेवलं असावं.

बाईंनी खुंटीला वायर सोडायला सांगितली. त्याने सोडली. पडदा काळा. धरायला सांगितली. त्याने धरली. चित्र काचेसारखं लख्ख.

“मग चालतंय की,” साहेब म्हणाले.

“अहो, त्यांनी धरलं म्हणून चालतंय.”

“बाई, माझ्या गाडीचं चाक काढलं तर ती चालेल का? नाही ना. मग गाडी बिघडलीये का? नाही. सुटा भाग जागेवर हवा, इतकंच.” त्यांनी फटीत डोकावून खुंटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हा भाग कधी बसवला?”

“सहा वर्षं झाली,” खुंटी भिंतीला म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी भागाची मान वळते का, खांदे सारखे आहेत का, हे तपासलं. मान वळत नव्हती, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता. साहेबांनी पाकिटातून एक चिकटपट्टी काढली, तिच्यावर आकडा घातला आणि ती खुंटीच्या खिशावर चिकटवून म्हणाले की निकाल लागेपर्यंत हा शर्ट धुवायचा नाही.

घरी बायकोने शर्टाला चिकटपट्टीच्या कडेकडेने इस्त्री केली. सासूने आकडा पाठ केला, कधी लागलाच तर असावा म्हणून.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रोजेक्टर उत्तम स्थितीत आहे. मात्र त्याचा 'धारक' हा भाग पाच वर्षांची मुदत उलटून गेलेला आणि झिजलेला आढळल्याने, त्या जागी सुधारित धारक बसवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. जुना भाग निर्लेखित समजावा, आणि विभागाला वाटल्यास शैक्षणिक साहित्य म्हणून ठेवून घ्यावा.

खुंटीने पत्र तीनदा वाचलं. मग घरी फोन करून सांगितलं की आपण भंगारात निघालो.

“आणि पगार?” बायकोने विचारलं.

त्याने चौकशी केली. पगाराचं खातं आणि सामानाचं खातं एका खिडकीच्या पडद्याच्या भांडणावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. यादीतून कोण गेलं हे पगारवाल्यांना कळण्याची शक्यताच नव्हती.

“मग कसलं भंगार,” बायको म्हणाली. “बसा की जाऊन पहिल्या बाकावर.”

सुधारित धारक सोमवारी हजर झाला. तो निवृत्त न्हावी होता. पस्तीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवूनही हात कधी हलला नाही, ही त्याची पात्रता, आणि तो दोन्ही हातांनी धरू शकतो, ही सुधारणा. खुंटीने त्याला चिमूट दाखवली, पोपडा दाखवला, टेकायची जागा दाखवली. न्हाव्याने वायर धरली आणि सवयीने तिला विचारलं की बाजूने किती कमी करायचं.

बाईंनी शैक्षणिक साहित्याला पहिल्या बाकावर, बरोबर मध्ये बसवलं. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. एक नंबरचं चित्र आलं, नांगरलेलं शेत. खुंटी उगाचच हसला. दोन नंबर, तीन नंबर. बाईंच्या ओठांवर वाक्य यायच्या आधी ते त्याच्या ओठांवर यायचं, आणि शेजारची मुलगी ते उतरवून घ्यायला लागली, कारण तो बाईंपेक्षा सावकाश सांगत होता. तिसाव्याला त्याने बाकाची कड घट्ट धरली.

“हा मातीचा एक कण,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज जरा चिरकला. “चार हजार पट मोठा.”

भिंतभर डोंगर उभे राहिले. गुहा, पूल, काचेचे मनोरे, आणि त्यातून केसाएवढं कुणीतरी गुपचूप जाताना मध्येच टिपलेलं. सगळा वर्ग तो आवाज काढायला तोंड उघडतो न उघडतो, तोच खुंटीने एकट्याने काढला, सहा वर्षांचा साठलेला, आणि मग त्याला हसू फुटलं ते थांबेचना. मुलं हसली, बाई हसल्या, फटीतून न्हाव्याने काय झालं काय झालं असं विचारलं पण वायर हलू दिली नाही. “परत दाखवा,” खुंटी म्हणाला. बाईंनी परत दाखवलं. तास संपेपर्यंत त्यांनी तेच दाखवलं.

घंटा झाली, मुलं गेली, बाई गेल्या. खुंटीचे पाय हलायला तयार नव्हते. पुढचा तास संख्याशास्त्राच्या सरांचा. ते आले, पुढ्यात कोण बसलंय ते न बघताच त्यांनी गोल तक्ता लावला. एक निळा तुकडा, एक पिवळा, चौदा टक्के आणि शहाऐंशी टक्के.

खुंटीच्या तोंडून पुन्हा तोच आवाज निघाला. “आई गं,” तो म्हणाला, “परत दाखवा ना सर.”

सर थबकले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून दाखवला.