बेटावर गेलेला लोकरी कोट

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. डिसेंबरचा दुसरा आठवडा. नळातलं पाणी नळातच गोठत होतं, त्या आठवड्यात माझं पाचवं बटण लागलं आणि मी पुरा झालो. मी कोट. काळा, लोकरीचा, आतून गुळगुळीत अस्तर लावलेला. हल्ली बाजारात हवा भरल्यासारखं जे काही फुगवून विकतात, त्याच्याशी माझं नातं लावू नका.

मला शिवणारा शिंपी तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचा आणि उरलेल्या वेळात मला. चार महिने लागले. घरात तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंच. धाकट्याला नोकरी नव्हती, थोरल्याची छाती नाजूक होती. वाटणी अशी झाली होती.

तीन दिवस मी दादाच्या अंगावर होतो. चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, "दादा, उद्याचा एक दिवस कोट दे. मुलाखत आहे. संध्याकाळी खुंटीवर असेल."

"डाग पाडू नकोस," दादा म्हणाला. बस्स.

मुलाखत कोल्ड स्टोरेजमध्ये होती. तिथे मासळी आणि लोणी ठेवत. मुकादमाने धाकट्याला एकच प्रश्न विचारला. "कोट स्वतःचा आहे ना? इथे कंपनी देत नाही."

धाकट्याने छाती पुढे काढली. "माझाच आहे."

"मग उद्या सहाला ये."

बाहेर त्याच्याहून जास्त शिकलेले सात जण स्वेटरवर कुडकुडत उभे होते. नोकरी मला लागली, पगार त्याला मिळू लागला.

बोलल्याप्रमाणे संध्याकाळी मी खुंटीवर होतो. सकाळी सहाला मात्र परत त्याच्या अंगात. नवा घेतला की देतो, असं तो मनाशी म्हणत राहिला. मनाशी बोललेलं दादाला कसं ऐकू जाणार? दादाने मागितला नाही, कारण दादा ताठ. धाकट्याने विषय काढला नाही, कारण तोही त्याच आईचा. तो हिवाळा दादाने दोन सदरे एकावर एक घालून काढला. फेब्रुवारीत खोकल्याने त्याला अंथरुणाला खिळवलं. डॉक्टर म्हणाले, इथली हवा सोडा. तो उठला आणि भर समुद्रातल्या एका बेटावर निघून गेला. तिथे बारा महिने ऊन असतं.

वर्षभराने त्याचं एक कार्ड आलं. पुढच्या बाजूला नारळाची झाडं, वाळू, निळं पाणी. मागच्या बाजूला एक ओळ. 'इथे कोट लागत नाही.'

धाकट्याने ती तीनदा वाचली आणि कार्ड माझ्या आतल्या खिशात ठेवलं. उत्तर लिहिलं नाही.

तीन वर्षांनी कंपनीने सगळ्यांना कोट दिले. आता मला परत करायला काहीच आडवं येत नव्हतं, एक लाज सोडून. म्हणून मला डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलं आणि वर कुलूप लावलं. मला चोर नेतील अशी भीती नव्हती. मी नजरेला पडेन अशी होती.

पेटीत अडतीस वर्षं गेली. धाकट्याचं लग्न झालं, मुलगा झाला, बायको गेली, सून आली, नोकरी संपली. हे सगळं मी झाकणातून ऐकलं. दादा जिवंत आहे, मासळीबाजाराच्या मागे हॉटेलांच्या छत्र्या शिवतो, हेही एका चुलत बहिणीकडून कळलं होतं. ती सांगायची. हा "हं" म्हणायचा.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत मुलाने टूम काढली. "बाबा, थंडी पुरे झाली. पाच दिवस बेटावर जाऊ. ऊन, वाळू, समुद्र. काही म्हणजे काही करायचं नाही."

"ते मी घरी रोज करतोय. त्यासाठी विमान कशाला?"

मुलाने बेटाचं नाव सांगितलं. धाकट्याने कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाला, "येतो."

त्या संध्याकाळी पेटीचं कुलूप निघालं. धाकट्याने मला झटकलं. "चल," म्हणाला, "दादाच्या हातात देतो तुला. दोघांतला एक जायच्या आत." चौसष्टाव्या वर्षी माणसाला एवढी घाई सुचली, हे काही कमी नाही.

सुनेने मला बघून कपाळाला हात लावला. "बाबा, तिथे तेहतीस डिग्री आहे! लोक बॅगेत चड्ड्या भरतायत आणि तुम्ही हे अस्वल घेताय?"

"लोकांचं लोक बघतील."

"गोळ्यांचा वास येतोय त्याला."

"मग नाक तिकडे कर."

बॅगेत मी मावलो नाही. धाकट्याने मला अंगात घालून नेलं. विमानतळावर शिपायाने खिसे तपासले, डांबराची गोळी सापडली, हुंगली आणि दोन बोटांनी परत ठेवली. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

बेट पाहिलं. निसर्गसुंदर आहे, ते मान्य. पण तिथे येणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द सांगतो. ही माणसं पहाटे उठून, समुद्राकाठच्या खुर्चीवर टॉवेल पसरून जागा अडवतात आणि परत जाऊन झोपतात. दुपारभर टॉवेलच सुट्टी घेतो. जी स्वतः येतात, ती अंगाला तेल चोपडून उताणी पडतात, तासाने पालथी होतात, कच्ची बाजू राहायला नको. संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हा झाडून सगळी त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात, कारण फोटोत तोंड यायला हवं. आमच्या मुलाने तर स्वतःच्या पायांचे चाळीस फोटो काढले. पाय जन्मापासून त्याच्याकडेच होते.

धाकटा रोज सकाळी मला हातावर टाकून निघायचा. "फिरून येतो." मासळीबाजार, त्याच्या मागची गल्ली, गल्लीच्या टोकाला दुकान. आतून शिवणयंत्राचा आवाज. धाकटा समोरच्या भिंतीपाशी थांबायचा, रुमालाने मान पुसायचा आणि परत फिरायचा. तीन सकाळी हेच. बर्फात बारा बारा तास पेट्या ओढलेला माणूस. गल्ली वीस पावलांचीही नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मुलाने खोलीतला एसी सोळावर लावला आणि घोरू लागला. थंडी नको म्हणून ही मंडळी एवढ्या लांब आली, आणि आल्यावर काम केलं ते खोलीत थंडी आणण्याचं. सून कुडकुडत उठली. "बाबा, एसीचा रिमोट यांच्या अंगाखाली गेलाय. ते अस्वल द्या जरा."

तिने मला गळ्यापर्यंत ओढलं. हात आतल्या खिशात गेला. कार्ड बाहेर आलं.

"हे कोणाचं?"

धाकट्याने चार वाक्यांत सांगून टाकलं. बेचाळीस वर्षांचं प्रकरण चार वाक्यांत बसलं. सून उठून बसली.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही..."

"दुकानापर्यंत जातो."

"आणि?"

"परत येतो."

"का पण?"

धाकट्याने खिडकीकडे बघितलं. "घेणार नाही म्हणाला तर? मग मी हा घेऊन कुठे जाऊ?"

सून जरा वेळ बोलली नाही. तिला ते जमतं, हे आम्हाला दोघांनाही नवीन होतं. मग म्हणाली, "उद्या दुपारी विमान आहे. सकाळी मी बरोबर येते. आत येणार नाही, दाराशी उभी राहीन. पण तुम्ही मागे फिरलात ना, तर गल्लीत ओरडेन, 'काका, धरा, गिऱ्हाईक पळतंय!'"

"ओरडशील तू. तुझा भरवसा नाही."

"नाहीच. म्हणून सांगतेय."

पाचव्या सकाळी वीस पावलं झाली. सून भिंतीपाशी थांबली, हाताची घडी घालून, पोलिसासारखी. धाकटा उंबरा ओलांडून आत गेला.

दुकानात एक शिवणयंत्र, एक बल्ब, भिंतीला टेकवलेल्या रंगीत छत्र्या. यंत्रावर वाकलेला म्हातारा मान वर न करता म्हणाला, "छत्री डावीकडे ठेवा. परवा मिळेल."

"छत्री नाही, दादा."

यंत्र थांबलं. दादाने चष्मा वर ढकलला. भावाकडे नाही, आधी माझ्याकडे बघितलं. शिंपी तो शिंपीच. हात पुढे करून मला घेतलं, उलटं केलं, अस्तरावरून, शिवणीवरून बोट फिरवलं.

"चौथं बटण माझं नाही."

"कामावर तुटलं. पेट्या उचलताना."

"हे कोणी लावलं?"

"मी."

"दिसतंय."

त्याने कात्रीने ते बटण उडवलं. डबा उपडा करून काळं, चार भोकांचं शोधलं. सुईत दोरा ओवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. धाकट्याचा हात पुढे आला, तसा मागे गेला. दादाने पायाने स्टूल सरकवलं. धाकटा बसला.

"दादा, एका दिवसासाठी नेला होता. मी तेव्हा..."

"बोलू नकोस. सुई आहे हातात."

बटण लागलं. दादाने दोरा दाताने तोडला आणि उठून मला अंगात घातलं. खांदे आता मला कमी पडत होते. बाहेर तेहतीस डिग्री होती, त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या कॉलरवर उतरत होता. त्याने बाह्या सारख्या केल्या आणि खालपासून वरपर्यंत पाचही बटणं लावली.