बत्तीस ठोके

हेमकांत सरांनी तीस वर्षं शाळेत पोरांना पळवलं, निवृत्त झाल्यावर प्रकाशा गावची तरुण मंडळी पळवायला घेतली. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच पाच मिनिटं निपचित पडायचं आणि हातातल्या घड्याळाला काळजाचे दर मिनिटाचे ठोके मोजू द्यायचे. आकडा थेट सरांच्या फोनवर जाई. साठाच्या खाली, तर कालचा थकवा उतरला, पळा. वर गेला, तर शरीर अजून कालच्याच रस्त्यावर आहे, झोपा. सलग तीन दिवस वर, तर नाव कट.

भाग्येशचा सोमवारी सहासष्ट, मंगळवारी एकोणसत्तर. रविवारी तळोद्याहून डोंगरात बत्तीस किलोमीटरची शर्यत होती आणि सरांच्या हातात जागा एकच. आकडा चढायचं कारण भाग्येशला ठाऊक होतं. सरांना चोरून तो रोज संध्याकाळी आणखी दहा किलोमीटर ओढत होता. मेहनत लपवणारा माणूस गावात बहुधा तो एकटाच.

बुधवारी उजाडलं तेव्हा त्याची आई नर्मदाबाई अजून खाटेवरच होती. एरवी या वेळेला तिच्या भाकरी होऊन जात. भाग्येशला यात देवाची कृपा दिसली. त्यानं घड्याळ काढून तिच्या मनगटाला बांधलं.

"मन्हा हातले काय बांधी ऱ्हायना?"

"पाच मिनिट हालू नको, माय."

"हालाले कोठे जीव शे," ती म्हणाली.

आकडा आला छत्तीस. लगेच सरांचा फोन. "छत्तीस? अरे, हे काळीज शे का सायकलनं चाक? रविवारी तूच."

भाग्येश हसला. फोन ठेवतो तोच नर्मदाबाई उठली, दोन पावलं चालली आणि चौकट धरून खाली बसली. कपाळावर घाम. मनगटावरचं घड्याळ टिटटिट करू लागलं. बत्तीस.

फोन पुन्हा वाजला. आता सरांचा आवाज वेगळा होता. "भाग्येश, उठू नको. बत्तीस म्हणजे चांगलं नाही. चक्कर येते का?"

भाग्येशनं आईकडे पाहिलं. "माय, चक्कर यी ऱ्हायनी?"

"चार दिन व्हयनात. तुन्ही शर्यत शे, म्हनीसन सांगं नई."

"कोणाशी बोलतोस?" सर म्हणाले.

'हो, मलाच चक्कर येते' एवढं म्हटलं तरी सर गाडी घेऊन आले असते. येईपर्यंत घड्याळ आपल्या हातात घेता आलं असतं. हा विचार भाग्येशच्या डोक्यात आला आणि चांगला दोन-तीन ठोके थांबला. आईचे दोन-तीन ठोके म्हणजे बराच वेळ.

"सर, तो ठोका मन्हा नई. मायना शे."

पलीकडे गाडीची किल्ली वाजली. मग सर म्हणाले, "तिला आडवी कर. पाणीबिणी पाजू नको. मी निघालो."

शहाद्यापर्यंतच्या रस्त्यात सरांनी एकच हुकूम दिला, "मनगट धर आणि मोठ्यानं मोज." भाग्येश मोजत राहिला. मध्येच एखादा ठोका इतका उशिरा येई, की सरांचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात पडे.

"मी काय कापूसनी गठडी शे का, सारखं मोजी ऱ्हायनात?" नर्मदाबाई पुटपुटली. ती बोलतेय एवढ्यावरच दोघांनी श्वास सोडला.

दवाखान्यात तिला थेट आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. खेळाडूचा ठोका मंद असला तर कौतुक, पण चक्कर येणाऱ्या साठीच्या बाईचा असा असला तर काळजाला ठोक्याचा इशारा देणारी तार अडली, असं ते म्हणाले. पेसमेकर बसवावा लागेल. वेळेत आलात.

सर बाकावर बसून फोनमध्ये काहीतरी खोडत होते. "रविवारी तुझ्याऐवजी रिषभ पळेल."

"हो, सर."

नर्स कागद भरायला आली. "चार दिवस चक्कर? आणि घरात कुणाला कळलं नाही?"

भाग्येशनं पेन घेतलं. "मी रोज पळायला जायचो," तो म्हणाला, आणि तिनं बोट ठेवलं तिथे सही केली.